आश्रमशाळेतून आलेला पुतण्या गप्प झाला आहे. त्याला गावच्या रेला नाचाला न्यावं का?

न्या. दहावीचा पेपर संपवून आलाय, घरात सगळे गोंडीत बोलतात आणि हा कोपऱ्यात बसून असतो, असं तुम्ही लिहिलंय. अकरावीचा अभ्यास बुडेल ही भीती सोडा. आठवड्यातल्या एका रात्रीनं काही बुडत नाही.

मी धानोरा तालुक्यातला, गोंड. सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेलो. तहान लागली की तोंडून 'येर' निघायचं आणि 'पाणी म्हण' म्हणून छडी बसायची. मग मी मागायचंच सोडलं. सुट्टीत घरी आलो तर आजीशी बोलताना गोंडी अडखळायची. दोन्हीकडे तोंड बंद. तुमच्या पुतण्याचं नेमकं काय झालंय ते तोच सांगेल, पण गप्प होण्याची ही वाट माझ्या पायाखालची आहे.

नाचायला मी लाजायचो. गावातल्या एका म्हाताऱ्यानं मला ढोल शेकायला बसवलं. दवानं कातडं सैल पडलं की आवाज बसतो. मग ढोल जाळाजवळ धरून हळूहळू फिरवायचा, मध्येमध्ये बोटानं टिचकी मारून ऐकायचं. जास्त शेकला तर कातडं तडकतं. दुसऱ्या रात्री ढोल बसला तसे नाचणारे माझ्याच नावानं ओरडू लागले. मला त्या हाकेनं बोलतं केलं.

म्हणून ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, भाड्याचे कपडे चढवून, स्पीकरवर गाणं लावून मंचावर नाचवतात, तेवढ्यावर भागवू नका. पोराला टाळ्या मिळतात, पण त्या पाट्याचा, म्हणजे गाण्याचा, अर्थ त्याला कुणी सांगत नाही. गावातल्या रेल्यात एक गट ओळ टाकतो, दुसरा उचलतो, आणि पाय चुकला तर शेजारचा ओढून नेतो.

हा माझ्या एकट्याचा अनुभव नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात चँडलर आणि लालोंड यांनी १९९८ मध्ये तिथल्या आदिवासी वस्त्यांचा अभ्यास मांडला. जमिनीच्या हक्काचा लढा, शाळा, दवाखाना, सांस्कृतिक कामाची हक्काची जागा हे जिथं वस्तीच्या हातात होतं, तिथं तरुणांच्या आत्महत्या कमी होत्या. भाषा टिकलेल्या वस्त्यांतही तसंच, हे २००७ मध्ये दिसलं. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तिथल्याच मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. गोटुल म्हणजे आमच्या गावातलं सगळ्यांनी जमायचं, शिकायचं घर. मला हे सगळं त्याच गोटुलाच्या अंगणातलं वाटतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, मरणाच्या गोष्टी निघत असतील, तर ढोलावर भिस्त ठेवू नका. लगेच जिल्हा रुग्णालयात न्या, किंवा १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

नाचायची जबरदस्ती करू नका. सध्या मोहाची फुलं पडतायत. पहाटे त्याला आजीसोबत टोपली घेऊन पाठवा आणि त्याची गोंडी चुकली तर कुणी हसू नका.