‘चाचेजहाज’ म्हणावं का?

पहिल्या महायुद्धावरच्या लेखाचं भाषांतर करताना जर्मन ‘रेडर’साठी ‘चाचेजहाज’ चालेल का, असं आपण विचारलंय. माझ्या मते मुळीच चालणार नाही. चाचा कुठल्याच सरकारचा नसतो, लुटतो ते स्वतःसाठी. रेडर म्हणजे साध्या व्यापारी जहाजाचं सोंग घेऊन शत्रूच्या व्यापारी जहाजांवर हल्ले करणारं आरमाराचं जहाज. १९०७च्या हेग करारानुसार व्यापारी जहाजाची युद्धनौका करता येत असे. मात्र कप्तान सरकारने नेमलेला हवा, खलाशी लष्करी शिस्तीत हवेत, जहाजाचं नाव युद्धनौकांच्या यादीत हवं. परका झेंडा लावून जवळ जाणंसुद्धा रीतीला धरून होतं, फक्त तोफ डागण्याआधी स्वतःचा झेंडा चढवावा लागे.

पहिल्या महायुद्धातल्या ‘वोल्फ’ या जर्मन रेडरचंच घ्या. हे मूळचं ब्रेमेनच्या हान्सा कंपनीचं मालवाहू ‘वाख्टफेल्स’. आरमाराने त्यावर तोफा आणि टॉर्पेडो दडवून बसवले, पोटात साडेचारशेहून अधिक सुरुंग भरले. नोव्हेंबर १९१६च्या अखेरीस कप्तान नेर्गर ते घेऊन जर्मनीतल्या कील बंदरातून निघाला. खोटं धुराडं, खोट्या डोलकाठ्या उभारून जहाजाची चण बदलता येई. सोबत एक छोटं विमान होतं. न्यूझीलंडच्या उत्तरेकडच्या केर्माडेक बेटांजवळ या विमानाने ‘वैरुना’ या व्यापारी जहाजावर चिठ्ठी टाकली: वायरलेस वापरू नका, मुकाट आमच्याकडे या. पाठोपाठ जहाजाच्या पुढ्यातच बाँब!

त्याआधी, फेब्रुवारी १९१७मध्ये, ‘वोल्फ’ने मुंबईबाहेरही सुरुंग पेरले होते. ते केव्हाच दूर निघून गेलं होतं, आणि २३ जूनला पी अँड ओ कंपनीची ‘मंगोलिया’ ही आगबोट त्यांतल्याच एका सुरुंगाने बुडाली.

मग शब्द कोणता? ‘साहाय्यक युद्धनौका’ हा ‘ऑक्झिलरी क्रूझर’चा शब्दशः अनुवाद, पण तो वाचून कोळसा-पाणी पुरवणारं जहाज डोळ्यांपुढे येतं. ‘हल्लेखोर जहाज’ पाणबुडीलाही लागू पडेल. मी ‘बहुरूपी युद्धनौका’ म्हणेन. ‘बहुरूपी’त वेषांतर आलं, ‘युद्धनौके’त आरमार आलं. पहिल्या उल्लेखाला हा शब्द पूर्ण द्यावा, पुढे नुसतं ‘रेडर’ म्हटलं तरी हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या ‘अटलांटिस’ या जर्मन रेडरलाही हाच शब्द बसतो. तेही मूळचं हान्सा कंपनीचंच, ‘गोल्डनफेल्स’. आणि जपानी ‘काशिई मारू’च्या वेषातही ते समुद्रावर वावरलं.