संगणकातली ‘फाइल’ आली कुठून?

प्रश्न : कार्यालयात दिवसभर फाइल आणि फोल्डर हे शब्द तोंडी असतात, संगणकशास्त्र शिकणारा मुलगा ‘आयनोड’ म्हणतो. हे शब्द मूळचे कुठले? – एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : ‘फाइल’चे मूळ लॅटिनमधील ‘फिलुम’ म्हणजे धागा या शब्दात आहे, कारण कागद क्रमाने राहावेत म्हणून ते दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवण्याची पद्धत युरोपात होती. गिरगावातल्या एखाद्या जुन्या दुकानात गल्ल्याशेजारी लोंबणारी तार आठवून पाहा : तिच्यात टोचलेली बिले, सर्वांत जुने तळाशी. शब्दाचा मूळ अर्थ तिथे डोळ्यांना दिसतो. ‘फोल्डर’ म्हणजे दुमडलेला पुठ्ठा. १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकाच्या पडद्यावर त्याचे चित्र होते.

‘आयनोड’ हा शब्द मला यांत सर्वांत मोलाचा वाटतो. युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीत फाइलचे नाव डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये, असते, तर तिचा आकार, मालक आणि डिस्कवरील जागा यांची नोंद आयनोडमध्ये असते. डिरेक्टरीत नावासोबत केवळ त्या नोंदीचा क्रमांक असतो, आणि म्हणूनच एका फाइलला दोन नावे देता येतात. यातला ‘आय’ म्हणजे ‘इंडेक्स’, अर्थात सूची, असे सांगितले जाते; मात्र युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांनीही तो आपला अंदाजच असल्याचे प्रांजळपणे म्हटले होते. या नोंदी डिस्कवर एका सलग यादीत मांडलेल्या असत, हा त्या अंदाजाचा आधार. मुलाला युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्स प्रणालीत फाइलींची नावे दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा ‘आय’ पर्यायासह चालवायला सांगा. प्रत्येक नावाआधी दिसणारा आकडा हाच तो क्रमांक.