ब्रिटनमध्ये फूड डिलिव्हरीचं अकाउंट दुसऱ्याचं घेऊन काम केलं तर चालतं का?

अकाउंटवाल्याने आपल्या जागी बदली माणूस पाठवणं कायदेशीर आहे. पण त्या माणसाला ब्रिटनमध्ये असं काम करण्याचा हक्क हवा. तुम्ही स्टुडंट व्हिसावर असाल तर स्पष्ट सांगतो, घेऊ नका. त्या व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे आणि हे काम त्यातच मोडतं. आठवड्याला ठरावीक तास काम करता येतं, ते नोकरीसाठी.

शिवाय पैसे अकाउंटवाल्याच्या खात्यात जमा होतात. त्याने अकाउंटचं भाडं कापून उरलेले दिलेच नाहीत, तर कंपनी तुम्हाला ओळखतही नाही. ज्याची कागदपत्रं अपुरी, तो पोलिसांकडे तरी कसा जाणार? सगळ्यात जास्त पिळवणूक इथेच होते.

नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुख्यतः या बदलीच्या मुभेवर बोट ठेवून डिलिव्हरू या फूड डिलिव्हरी कंपनीच्या रायडर्सना सामूहिक वाटाघाटीचा, म्हणजे संघटनेमार्फत कंपनीशी बोलणी करण्याचा, हक्क नाकारला. रायडरच्या सोयीची म्हणून दाखवलेली मुभा त्याच्याच हक्कांच्या आड आली, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

आता कंपन्या चेहऱ्याची पडताळणी करतात, बदली माणसाचीही नोंदणी मागतात. त्यामुळे पकडलं जाण्याची शक्यताही वाढली आहे.