‘नमुना चौकट’ आणि ‘समष्टी’ एकच का?

पाहणीच्या अहवालांत येणारा ‘नमुना चौकट’ हा शब्द ‘समष्टी’चाच पर्याय आहे का, असे एका विद्यार्थ्याने विचारले आहे. दोन्ही शब्द शेजारी शेजारी येत असल्याने गल्लत होणे साहजिक आहे, परंतु त्यांचे अर्थ वेगळे आहेत. ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा ती सगळी माणसे, कुटुंबे किंवा शेते म्हणजे समष्टी. आणि ज्या यादीतून, नकाशातून किंवा नोंदवहीतून नमुना प्रत्यक्ष निवडला जातो ती नमुना चौकट, म्हणजेच सॅम्पलिंग फ्रेम.

पुण्यातील प्रौढ रहिवाशांची पाहणी मतदार यादीवरून केली, तर रहिवासी ही समष्टी आणि यादी ही चौकट होय. यादीत मृतांची नावे राहिलेली असतात, काही नावे दुबार असतात आणि ज्यांचे नाव अजून गावाकडेच नोंदलेले आहे असे भाडेकरू तिच्यात नसतात. मृत व्यक्तीचे नाव निवडले गेले तर घरी गेल्यावर ते कळते. गळालेल्या भाडेकरूपर्यंत मात्र कोणी पोहोचतच नाही, म्हणून हा दोष मला सर्वांत घातक वाटतो.

नमुना मोठा केला तरी हा दोष भरून निघत नाही. अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कोण जिंकेल हे आजमावण्यासाठी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने मुख्यतः टेलिफोनधारक आणि मोटारमालक यांच्या याद्यांवरून सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असे भाकीत झाले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली. उत्तरे न पाठवणाऱ्यांचाही या चुकीत मोठा वाटा होता, पण मंदीच्या त्या काळात ज्यांच्या घरी फोन वा मोटार नव्हती, असे असंख्य मतदार चौकटीतच आले नव्हते.

आपल्याकडील राष्ट्रीय नमुना पाहणीत यावर चांगला उपाय योजलेला आहे. ग्रामीण भागात पहिल्या टप्प्यावर जनगणनेच्या यादीतून गावे निवडतात. मग निवडलेल्या गावात, आणि गाव मोठे असल्यास त्याच्या ठरवलेल्या भागांत, क्षेत्र कर्मचारी घरोघर फिरून कुटुंबांची नवी यादी करतात आणि पुढची निवड तिच्यातून होते. त्यामुळे जनगणनेनंतर गावात येऊन राहिलेले कुटुंबही निवडले जाऊ शकते.

म्हणून अहवालात ‘चौकट : पुणे शहर’ असे लिहू नये, कोणती यादी, कोणत्या तारखेची आणि तिच्यात कोण येत नाही, हे लिहावे.