खोटा चित्रकार जन्माला घालण्याआधी

प्रिय मुला,

परीक्षकांनी तुझं चित्र परत पाठवल्याचं सांगणारं तुझं पत्र आणि तू रचलेल्या त्या खोट्या चित्रकाराचं चरित्र, दोन्ही काल रात्री वाचलं. दीपगृहात राहणारा, अमावास्येलाच रंग कालवणारा, प्रत्येक चित्राचा डावा कोपरा जाळून टाकणारा हा माणूस तू चार पानांत छान उभा केला आहेस. त्याच्या चित्रांबद्दल मात्र अडीचच ओळी आहेत. त्याच्या नावाने इन्स्टाग्रामवर खातं उघडायचं, चित्रं टाकायची आणि लोक भुलले की सहा महिन्यांनी पडदा ओढायचा, असा तुझा बेत. तो करू नकोस असं सांगायला मी बसलेले नाही. पण असे बेत पूर्वी झालेत. त्यांचं पुढे काय झालं, ते तुला माहीत असावं.

पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर ‘लापाँ आजिल’ नावाचं एक कॅबरे होतं. ते चालवणारा फ्रेदे आणि त्याचं गाढव लोलो. पिकासोची तिथे ऊठबस होती. १९०५च्या त्याच्या एका चित्रात गिटार घेऊन बसलेला फ्रेदे दिसतो. याच टोळक्यातल्या रोलाँ दोर्जेलेस या तरुण लेखकाला नव्या चित्रकलेचा राग होता. १९१०च्या मार्चमध्ये त्याने लोलोच्या शेपटीला ब्रश बांधला आणि समोर कॅनव्हास धरला. लोलोला गाजरं खाऊ घातली की शेपटी हले आणि रंग उमटे. पुढे कुणी शंका घेऊ नये म्हणून कोर्टाचा बेलिफ बोलावून पंचनामाही करून घेतला! चित्राचं नाव ‘आणि सूर्य एड्रियाटिकवर निजला’, चित्रकाराचं नाव बोरोनाली, राहणार जिनोआ. फ्रेंचमध्ये गाढवाला ‘आलिबोरों’ म्हणतात. त्याचीच अक्षरं उलटसुलट करून हे आडनाव बनवलं. बोरोनालीच्या तोंडी ‘अतिरेकवादा’चा जाहीरनामाही घातला. चित्र ‘सालाँ दे झँदेपाँदाँ’ या प्रदर्शनात लागलं, चर्चा झाली, आणि मग दोर्जेलेसने वर्तमानपत्राला खरी हकीकत सांगितली.

हा किस्सा सांगणारे एक गोष्ट गाळतात. १८८४ साली सुरू झालेल्या या प्रदर्शनाचा पायाच ‘परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत’ हा होता. ‘सालाँ’ या पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने दार बंद केलेल्यांसाठीच ते उभं राहिलं. फी भरली की चित्र लागायचं. म्हणजे गाढवाचं चित्र कुणी निवडलंच नव्हतं. जे दार सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं, त्यातून गाढव आत नेलं आणि पहारेकरी झोपला होता असं जगाला सांगितलं. मला यात अन्याय दिसतो. त्या दारातून शिकलेसवरलेले पण गरीब चित्रकारही आत येत होते, हे विसरू नकोस.

दुसरी गोष्ट तुझ्या जास्त जवळची आहे. लॉस एंजेलिसमध्ये पॉल जॉर्डन-स्मिथ नावाचा लेखक होता. त्याची बायको सारा बिक्सबी स्मिथ चित्रं काढायची, जशी वस्तू दिसते तशी. प्रदर्शनात कुणीतरी ती ‘जुन्या वळणाची’ ठरवली. (तुझ्या चित्राबद्दल परीक्षकांनी वापरलेले शब्द वाचताना मला पहिल्यांदा सारा आठवली.) नवऱ्याला ते लागलं. त्याने कधी ब्रश हातात धरला नव्हता. १९२४मध्ये त्याने उरलेसुरले रंग घेऊन केळ्याचं साल उंचावणारी एक बाई रंगवली, सही केली ‘पावेल जर्डानोविच’ अशी, आणि पंथ काढला ‘डिसम्ब्रेशनिझम’, म्हणजे छायाविरहितवाद. कारण साधं होतं: त्याला सावल्या काढता येत नव्हत्या. पुढच्या वर्षी ते चित्र न्यूयॉर्कला लागलं. पॅरिसच्या एका नियतकालिकाने चित्राचा अर्थ विचारला, तेव्हा त्याने कळवलं, की चित्रातल्या बाईच्या बेटावर बायकांना केळी खायची बंदी आहे, हिने मिशनऱ्याला मारून केळं खाल्लंय, आणि ही स्वातंत्र्याची आरोळी आहे. जर्डानोविचचा जन्म मॉस्कोचा, त्याला क्षय झालेला, तो दक्षिण समुद्राच्या बेटांवर राहिलेला, असं चरित्रही रचलं. १९२७मध्ये त्याने स्वतःच सगळं उघड केलं.

आता शोधून बघ. जर्डानोविचची केळंवाली बाई तुला सहज सापडेल. साराची चित्रं शोधताना मात्र तुझी दमछाक होईल. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, तिच्या कॅनव्हासकडे त्यामुळे एकही जास्तीचा डोळा वळला नाही. हे मला फार लागतं, आणि तुझं पत्र वाचल्यापासून जास्तच.

मग खोटा माणूस रचूच नये का? रच की. आपल्याकडे गडकऱ्यांनी कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिल्या आणि विनोद ‘बाळकराम’ या नावाने, आणि दोघांचा आवाज वेगळा ठेवला. पोर्तुगालच्या फर्नांदो पेसोआ या कवीची हकीकत तर तुझ्यासाठीच घडल्यासारखी आहे. सा-कार्नेरो या मित्राची गंमत करावी म्हणून तो एक खोटा ग्रामीण कवी रचायला बसला. काही दिवस खपला, जमेना, नाद सोडला. आणि नाद सोडला त्याच दिवशी, ८ मार्च १९१४ला, उंच कपाटाशी उभं राहून त्याने तिसावर कविता एका दमात लिहिल्या, असं त्याने पुढे एका पत्रात सांगितलंय. तो कवी अल्बेर्तो काएरो. पेसोआ त्याला आपला गुरू म्हणू लागला. गंमत बाजूलाच राहिली, कारण काएरोला काहीतरी दिसत होतं, जे पेसोआला स्वतःच्या नावाने दिसत नव्हतं.

तुझ्या दीपगृहातल्या माणसाला काय दिसतं, ते मला तुझ्या चार पानांत सापडलं नाही. त्याचे उपास, त्याची आगपेटी, त्याचा अबोला, सगळं आहे. रात्रभर फिरणारा झोत पाण्यावर पडतो तेव्हा पाणी कोणत्या रंगाचं होतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? ते त्याला रंगवू दे. दहा चित्रं होईपर्यंत चरित्राचा कागद कपाटात ठेव, आणि पडदा ओढायची तारीख तर फाडूनच टाक.

परत आलेलं चित्र तू पत्र्याच्या पेटीमागे उभं करून ठेवलंयस, असं लिहिलंस. बाबांच्या सायकलच्या दुकानातलं पंक्चर काढायचं घमेलं, त्यातलं गढूळ पाणी आणि ट्यूबमधून निघालेली बुडबुड्यांची रेघ. मी ते फोनवरच पाहिलंय. रविवारी ते घेऊन ये. सकाळी दहापर्यंत माझ्या गॅलरीत चांगला उजेड असतो.

तुझी,
बाई