वाचकांचे प्रश्न : दुकानातल्या हिंसेची भीती कितपत खरी?

दिवाळीच्या खरेदीचे दिवस जवळ आले, की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या बऱ्याच पत्रांत दुकाने, मॉल आणि बाजारपेठांमध्ये होणाऱ्या जीवघेण्या हल्ल्यांविषयी विचारणा आहे. त्यांतील चार पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत टेक्सास राज्यात राहतो. मे 2023 मध्ये तिथल्या ॲलन शहरातील मॉलमध्ये गोळीबार होऊन आठ जण मारले गेले, तेव्हापासून आमच्या घरात हा विषय निघाला की सगळे अस्वस्थ होतात. माझी मुले जवळजवळ दर शनिवारी मॉलमध्ये जातात. असे प्रकार जगभर वाढत आहेत का आणि आपल्याकडेही त्यांची भीती बाळगावी का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : अमेरिकेपुरते बोलायचे तर वाढ झाली, हे खरे आहे, पण ती सरळ चढत गेलेली नाही. वर्दळीच्या जागी शिरून दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडण्याच्या 2000 ते 2013 या काळातील 160 घटनांचा अभ्यास एफबीआयने केला होता. त्यात पहिल्या सात वर्षांत दरवर्षी सरासरी 6.4 घटना घडल्या होत्या, तर पुढच्या सात वर्षांत ही सरासरी 16.4 वर गेली. नंतरच्या मोजणीत 2021 मध्ये अशा 61 घटना नोंदल्या गेल्या, 2023 मध्ये 48 आणि 2024 मध्ये 24. म्हणजे एका वर्षाचा आकडा पाहून घाबरून जाणे जितके चूक, तितकेच एका वर्षाच्या घसरणीवर निर्धास्त होणेही चूक.

त्या 160 घटनांपैकी 73 व्यापार-व्यवसायाच्या ठिकाणी घडल्या होत्या आणि त्यांतल्या केवळ सहा मॉलमधल्या होत्या. बाकीच्या साध्या दुकानांत, कार्यालयांत, गोदामांत आणि कारखान्यांत घडल्या. नंतरच्या काळातील ज्या घटना सर्वांच्या स्मरणात राहिल्या, त्यांतही किराणा आणि भाजीपाल्याची मोठी दुकानेच अधिक आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये एल पासो येथील वॉलमार्टमध्ये 23 जणांचा बळी गेला, मार्च 2021 मध्ये बोल्डरच्या किंग सूपर्स या दुकानात 10 जणांचा आणि मे 2022 मध्ये बफेलोच्या टॉप्स सुपरमार्केटमध्ये 10 जणांचा. एल पासोचा हल्लेखोर मेक्सिकन वंशाच्या लोकांना शोधत आला होता आणि बफेलोचा कृष्णवर्णीयांना. त्या दुकानांशी किंवा तिथल्या मालकांशी दोघांचेही काही भांडण नव्हते. विशिष्ट समाजाची माणसे हमखास भेटतील आणि दार कोणालाही अडवणार नाही, अशी ती जागा होती.

याच काळात दुसरी एक रेषा मात्र उलट दिशेने गेली आहे आणि वृत्तवाहिन्यांवर ती क्वचितच दिसते. अमेरिकेत 1994 मध्ये कामाच्या ठिकाणी 1,080 खून झाले होते. 2022 मध्ये ही संख्या 524 होती. नव्वदच्या दशकातील त्या खुनांमध्ये मोठा वाटा लुटीच्या वेळी झालेल्या खुनांचा होता आणि मरणाऱ्यांत रात्रपाळीला एकट्याने गल्ल्यावर बसणारे, छोट्या किराणा दुकानांतले आणि पेट्रोल पंपांवरचे लोक बरेच होते. एकाच वेळी अनेकांना मारणारे हल्ले वाढले आणि गल्ल्यासाठी होणारे खून घटले, असे हे दुहेरी चित्र आहे.

आता आपल्याकडे. परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि परवाना सहजी मिळत नाही, त्यामुळे अमेरिकी पद्धतीचा एकट्या माणसाचा गोळीबार आपल्या बाजारपेठांत रुळलेला नाही. आपल्या बाजारांनी जो मार सोसला तो प्रामुख्याने बॉम्बस्फोटांचा. 12 मार्च 1993 च्या मुंबईतील साखळी स्फोटांत 257 जण गेले आणि त्या दिवशी झवेरी बाजारही लक्ष्य झाला होता. तोच झवेरी बाजार ऑगस्ट 2003 मध्ये आणि पुन्हा जुलै 2011 मध्ये हादरला. दिल्लीत 29 ऑक्टोबर 2005 रोजी, दिवाळीच्या तोंडावर, पहाडगंज आणि सरोजिनी नगरच्या बाजारांत झालेल्या स्फोटांनी साठाहून अधिक बळी घेतले. हे हल्ले संघटित होते आणि त्यांच्यामागे कट होते. मॉलच्या दारातील तपासणी हा त्यांचाच आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्याचा वारसा आहे.

रोजच्या जीवघेण्या हिंसेची कारणे मात्र यापेक्षा घरगुती आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 28,522 खून नोंदले गेले. त्यांपैकी 9,962 वादातून, 3,761 वैयक्तिक वैरातून आणि 1,884 आर्थिक लाभासाठी झाले. अनोळखी माणसाने येऊन मारण्यापेक्षा ओळखीच्या माणसाशी पैशावरून, जागेवरून किंवा मानापमानावरून जुंपण्याचा धोका कितीतरी मोठा आहे, हे त्यावरून दिसते आणि बाजारपेठा त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. मुलांना शनिवारी जाऊ द्यावे. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, एवढे मात्र घरून निघतानाच ठरवलेले असावे.

प्रश्न : आमचे मेडिकल स्टोअर आहे. दुकाने चोवीस तास उघडी ठेवता येतात, हे शासनाने स्पष्ट केल्यापासून मुलगा रात्रभर दुकान चालवण्याचा आग्रह धरून आहे. सौ. म्हणते, पैसा मिळेल पण जीव टांगणीला लागेल. आपले मत द्यावे.
— एक दुकानदार, कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर : ऑक्टोबर 2025 च्या शासन निर्णयाने नवीन हक्क दिलेला नाही. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमातच ही मुभा होती आणि मद्यविक्रीची ठिकाणे त्यातून वगळून शासनाने ती पुन्हा स्पष्ट केली. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी देणे बंधनकारक आहे. आपल्या दुकानात विसाहून कमी माणसे असतील, तर त्या अधिनियमातील पुष्कळशा तरतुदी आपल्याला थेट लागू होणार नाहीत. पण रात्रीचा धोका माणसे मोजून येत नाही.

दोघांचेही म्हणणे अंशतः बरोबर आहे, असे आम्हाला वाटते. आपल्याच भागातील बाजारगाळ्यांसमोरून रात्री साडेदहाच्या सुमारास एक चक्कर मारून पाहावी. शटर अर्धे खाली आलेले असते, एक पोरगा बाहेरचे स्टँड आत ओढत असतो आणि मालक रस्त्याकडे पाठ करून काउंटरवरच नोटांच्या थप्प्या लावत असतो. थोड्या वेळाने तीच रक्कम कापडी पिशवीतून स्कूटरच्या डिकीत जाते, रोज त्याच वेळी आणि रोज त्याच रस्त्याने. लुटारूला पाळत ठेवावी लागते ती एवढीच. जुलै 2024 मध्ये खारघरच्या एका सराफी दुकानात हेल्मेट घातलेले तिघे शस्त्रधारी रात्रीच शिरले होते आणि त्यांनी गोळीबारही केला होता.

मेडिकलच्या दुकानात आणखी एक गोष्ट हमखास दिसते. दर्शनी काच प्रोटीन पावडर, डायपर आणि गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातींनी खालपासून वरपर्यंत झाकलेली असते. जाहिरातीचे चार पैसे मिळतात हे खरे, पण आत काउंटरवर कोणी सुरा काढला तरी समोरच्या रिक्षास्टँडवरच्या माणसाला तो दिसणार नाही. अमेरिकेत फ्लोरिडामधील गेन्सव्हिल या शहराने 1980 च्या दशकात रात्री चालणाऱ्या दुकानांसाठी नियम केले, तेव्हा त्यात काचा मोकळ्या ठेवणे, बाहेर भरपूर उजेड ठेवणे, गल्ल्यात ठरावीक रकमेपेक्षा जास्त रोकड न ठेवणे आणि तशी पाटी दारावर लावणे, या गोष्टी होत्या. रात्री दोन माणसे असावीत, हा नियमही होता. त्यानंतर तिथली लूटमार घटली. दोन माणसांच्या नियमाचा त्यात नेमका किती वाटा, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला, पण उजेड, मोकळी काच आणि थोडी रोकड या तिन्हींबद्दल फारसे दुमत राहिले नाही. कामगार सुरक्षेचे काम पाहणाऱ्या तिथल्या संघराज्य संस्थेने 1998 मध्ये रात्रीच्या दुकानांसाठी काढलेल्या शिफारशींतही हीच दिशा कायम होती.

यूपीआयमुळे आपल्या गल्ल्यातील रोकड आपोआपच कमी झाली आहे; त्याची जाणीव दारावर ठळक अक्षरांत करून द्यावी. दिवसाचा भरणा दिवसाउजेडीच बँकेत जावा. रात्री अकरानंतर ग्राहकाला आत न घेता जाळीच्या खिडकीतून औषध द्यावे, जसे काही रुग्णालयांबाहेरची दुकाने देतात. आपल्या धंद्यात एक वेगळा धोकाही आहे: झोपेच्या किंवा नशेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मागणारे गिऱ्हाईक रात्रीच येते आणि नकार ऐकला की हमरीतुमरीवर येते. नकार तर द्यायचाच आहे, पण तो उलट उत्तर न करता, ‘साठा संपला’ एवढ्याच शब्दांत देता येतो. मुलगा एकटाच बसणार असेल, तर आमचे मत सौ. यांच्या बाजूने आहे. जोडीला माणूस मिळणार असेल आणि शेजारच्या एखाद्या गाळ्यात रात्री जाग असेल, तर प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही.

प्रश्न : मी वाशीतील एका मॉलमध्ये कपड्यांच्या दालनात काम करते. आमच्याकडे दारात सुरक्षारक्षक पिशव्या तपासतात. त्याचा खरोखर उपयोग होतो का? आणि आत कोणी शस्त्र काढलेच, तर आम्ही मुलींनी काय करायचे, हे आम्हाला कोणीच सांगितलेले नाही.
— एक विक्रेती

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. दारातील तपासणीने पिशवीतली स्फोटके किंवा मोठे शस्त्र आत नेणे अवघड होते, एवढा तिचा उपयोग मान्य करावा लागेल. (धातुशोधक चौकट सर्वांसाठीच वाजते आणि त्यामुळे कोणालाच थांबवत नाही, हेही आपण रोज पाहत असाल.) पण आत आलेल्या माणसाने मनात काय आणले आहे, ते यंत्राला कळत नाही. 13 एप्रिल 2024 रोजी सिडनीच्या बॉन्डाय जंक्शन येथील मॉलमध्ये एका माणसाने केवळ सुऱ्याने सहा जणांना ठार केले आणि मृतांत एक सुरक्षारक्षकही होता. बफेलोमध्येही रक्षक पळाला नव्हता. तो निवृत्त पोलिस होता, त्याने गोळी झाडली आणि ती लागलीही, पण हल्लेखोराच्या अंगावर चिलखत होते आणि त्यात रक्षकाचाच जीव गेला. नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेत चेसापीक येथील वॉलमार्टमध्ये सहा सहकाऱ्यांना मारणारा तर तिथलाच रात्रपाळीचा पर्यवेक्षक होता. त्याला कोणत्या दाराने अडवले असते?

एफबीआयच्या त्याच अभ्यासात ज्या 63 घटनांचा कालावधी कळू शकला, त्यांतील 44 घटना पाच मिनिटांच्या आत संपल्या होत्या. पोलिस कितीही तत्पर असले तरी ती पाच मिनिटे आतल्या माणसांनाच काढावी लागतात. म्हणून शिकायचे ते इतके: शक्य असेल तर ताबडतोब बाहेर पडावे आणि पर्स, मोबाइलचा चार्जर, गल्ल्याची किल्ली यांच्यासाठी मागे वळू नये, बाहेर पडता येत नसेल तर आतून कडी लागणाऱ्या खोलीत जाऊन दिवे आणि मोबाइलचा आवाज बंद करावा, सुरक्षित झाल्यावर 112 वर फोन करून मॉलचा कोणता मजला आणि कोणते दार, हे सांगावे. झटापट करण्याची वेळ सर्वांत शेवटी, दुसरा मार्गच उरला नाही तर.

यासाठी आपल्या दालनाच्या मागची वाट पाहून ठेवावी. ट्रायल रूमच्या पलीकडचे ते पांढरे दार, त्याच्यामागची ट्यूबलाइटची बोळ आणि तिथून खाली जाणारा जिना ग्राहकांना कधी दिसत नाही. सणाच्या हंगामात त्याच बोळीत मालाचे खोके छातीइतके रचलेले असतात आणि कधी कधी दाराच्या आडव्या दांड्याला साखळी-कुलूपही असते. ते मोकळे ठेवून घेणे हे आपल्या व्यवस्थापकाचे काम आहे. तोंडी सांगून भागत नसेल, तर चार-पाच सहकाऱ्यांच्या सहीने लेखी द्यावे आणि त्याची प्रत मॉलच्या व्यवस्थापनाकडेही द्यावी. आपली पाळी रात्री साडेनऊनंतर असेल, तर 2017 च्या अधिनियमानुसार त्यासाठी आपली संमती लागते आणि संरक्षणाची तसेच घरी पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करावयाची असते, हेही त्या पत्रात लिहिता येईल.

प्रश्न : काउंटरखाली लोखंडी सळई ठेवली तर चालेल का? चोर आला आणि मी त्याला मारले, तर गुन्हा माझ्यावरच दाखल होईल का?
— एक भांडी विक्रेते, जांभळी नाका, ठाणे

उत्तर : सळई ठेवण्याचा मोह समजू शकतो, पण ती काढण्याएवढा वेळ मिळत नाही आणि काढलीच तर समोरचा घाबरून वार करतो, पैसे देऊन टाकणे हाच स्वस्त सौदा आहे. कायद्यापुरते सांगायचे तर भारतीय न्याय संहितेने स्वतःच्या जिवाच्या आणि मालमत्तेच्या बचावाचा हक्क दिला आहे, मात्र बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरण्याची अट घातली आहे. जबरी चोरीच्या प्रसंगी हा हक्क मृत्यूची, दुखापतीची किंवा अडवून ठेवले जाण्याची तत्काळ भीती असेपर्यंतच टिकतो. चोर रिकाम्या हाताने पळत सुटला आणि आपण त्याला मासुंदा तलावापर्यंत गाठून मारले, तर तिथे आपण बचाव करत होतो हे न्यायालयाला पटवून देणे आपल्या वकिलाला फार जड जाईल.