कारागिरांचे प्रश्न : सळईच्या कड्या

प्रश्न : ६ मिमी माइल्ड स्टील सळईच्या, आतून १०० मिमी व्यासाच्या कड्या हव्या आहेत. १०० मिमी पाइपावर वाकवतो, पण कडी मोठी होते आणि टोकं सरळच राहतात. घरच्या घरी काय बनवता येईल?

उत्तर : एकेक कडी वाकवूच नका, टोकांची कटकट तिथेच आहे. स्प्रिंगसारखं वेटोळं गुंडाळा, मग कापा.

वाकवलेली सळई सोडली की थोडी उलगडते, म्हणून साचा, म्हणजे ज्यावर गुंडाळायचं तो पाइप, लहान हवा : बाहेरून साधारण ९५ मिमी. कडक सळई जास्त उलगडते. आधी दोन वेढे घालून मोजा. साचा किंचित मोठा निघाला तर लेथवर उतरवता येतो, लहान निघाला तर बदलावाच लागतो. पाइप जाड भिंतीचा घ्या. त्याच्या दोन्ही तोंडांना चकत्या वेल्ड करून मधून २० मिमी शाफ्ट घाला, तोही चकत्यांना वेल्ड करा. शाफ्ट दोन बेअरिंग ब्लॉकवर बसवा आणि टोकाला ४०० मिमी लांबीचा हँडल लावा. पाइपाला ७ मिमी भोक पाडून त्यात सळईचं टोक काटकोनात अडकवा. वेढे एकमेकांना चिकटूनच बसू द्यात.

हँडल अडकवायला खिट्टी हवीच. मध्येच हात सुटला तर ते उलटं फिरून मनगटावर बसतं.

वेटोळं काढून लांबीच्या दिशेने एकाच रेषेत कापा. प्रत्येक कडीची टोकं सळईच्या जाडीइतकी वरखाली असतील. दोन पक्कडींनी आडवी पिळून जुळवा, मग वेल्ड. एका कडीला सुमारे ३३३ मिमी सळई लागते : (१०० + ६) × ३.१४.